न घडलेल्या साम्राज्याचा प्रचारमंत्री

फिलिप के. डिक या अमेरिकी लेखकाची ‘द मॅन इन द हाय कॅसल’ ही कादंबरी १९६२ साली प्रसिद्ध झाली. तीत दुसरे महायुद्ध जर्मनी आणि जपानने जिंकलेले आहे, दोघांनी अमेरिकेचे लचके तोडले आहेत, हिटलर रोगाने खंगून कारभारातून बाद झाला आहे आणि त्याच्या जागी आलेला मार्टिन बोरमनही मरण पावतो. मग बर्लिनमध्ये गादीसाठी झुंज लागते. हायड्रिश, गोरिंग अशा भल्याभल्यांना मागे सारून चॅन्सलर होतो तो योझेफ गोबेल्स. खऱ्या इतिहासातही गोबेल्स चॅन्सलर झाला होता, पण एका दिवसापुरता. ३० एप्रिल १९४५ रोजी हिटलरने आत्महत्या केली. मृत्युपत्रात त्याने हे पद गोबेल्सच्या नावे केले होते. दुसऱ्याच दिवशी, १ मे रोजी, आपल्या सहा मुलांचा जीव घेऊन गोबेल्स पतिपत्नींनी स्वतःचाही शेवट केला. मराठी वाचकाला अशा पर्यायी इतिहासाची ओळख डॉ. जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेने करून दिली आहे. पानिपतावर विश्वासराव वाचले असते तर पुढचा हिंदुस्थान कसा झाला असता, हा त्या कथेचा प्रश्न. या प्रकारच्या लेखनाचा उपयोग करमणुकीपुरता नाही. घडलेल्या इतिहासातला एक धागा बदलून पाहिला की बाकीच्या धाग्यांपैकी कोणता किती भार पेलत होता हे ध्यानात येते. गोबेल्सच्या बाबतीत हा प्रयोग करून पाहण्याजोगा आहे, कारण त्याच्या पतनाचे एकच कारण सहसा सांगितले जाते: जर्मनी युद्ध हरली. ती जिंकली असती तर त्याची जादू चालूच राहिली असती, असे त्यात गृहीत असते.

ही ‘जादू’ आपल्याकडेही सगळ्यांनी मान्य करून टाकलेली आहे. महाराष्ट्रात कोणतीही निवडणूक लागली की एका पक्षाचा पुढारी दुसऱ्यावर गोबेल्सनीतीचा आरोप करतो, आणि ऐकणाऱ्याला काही समजावून सांगावे लागत नाही. ‘एखादे खोटे हजार वेळा सांगितले की ते खरे होते’ हे वाक्यही त्याच्याच नावावर चालते. पण गोबेल्सने हे वाक्य उच्चारल्याचा किंवा लिहिल्याचा पुरावा नाही. जानेवारी १९४१ मधल्या एका लेखात त्याने मोठे खोटे बोलून त्यालाच चिकटून राहण्याबद्दल लिहिले आहे, पण तो आरोप त्याने इंग्रजांवर केला आहे. एका माणसाने शब्दांच्या जोरावर सहा-सात कोटींच्या सुशिक्षित राष्ट्राला भुलवले, ही समजूतच मला तपासण्यासारखी वाटते. माझे म्हणणे असे की गोबेल्सचे सामर्थ्य जवळजवळ सगळे उसने होते. कायदा आणि पोलीस, सैन्याचे विजय, हिटलरची मर्जी आणि लोकांच्या मनात आधीपासून असलेला द्वेष, या चार ठिकाणांहून ते आले होते. यातली एकेक उसनवारी बंद होत गेली तसा तो उघडा पडत गेला. ही पडझड पराभवाच्या बऱ्याच आधी सुरू झाली होती, आणि विजयी साम्राज्यातही ती चुकली नसती.

त्याचा उदय पाहू. ऱ्हाइनलँडमधल्या राइट या गिरणगावात १८९७ साली जन्म, लहानपणापासून एक पाय अधू, हायडेलबर्ग विद्यापीठाची साहित्यातली डॉक्टरेट, आणि त्यानंतर तेव्हा कोणी न छापलेली कादंबरी व नाटके. १९२६ च्या अखेरीस हिटलरने या तरुणाला बर्लिनच्या पक्षशाखेचा प्रमुख नेमले. तिथे त्याने जे केले ते प्रचारशास्त्राच्या पुस्तकांत आदर्श म्हणून सांगितले जाते: मुद्दाम कम्युनिस्टांच्या वस्त्यांत सभा घेऊन मारामाऱ्या घडवणे, ‘डेर आंग्रीफ’ हे आग ओकणारे पत्र काढणे, आणि बर्लिनचे ज्यू उपपोलीसप्रमुख बेर्नहार्ड वाइस यांना खोटे नाव चिकटवून वर्षानुवर्षे त्यांची टवाळी करणे. वाइस कोर्टात जात, खटले जिंकत, आणि टवाळी चालूच राही. बर्लिनमध्ये गोबेल्स हे नाव घरोघरी पोचले यात शंका नाही. मते मात्र मिळाली नाहीत. मे १९२८ च्या निवडणुकीत देशभर नाझी पक्षाला २.६ टक्के मते पडली, आणि खुद्द गोबेल्सच्या बर्लिनमध्ये तर दोन टक्केही नाहीत. दीड वर्ष झटून घडवलेल्या प्रचारयंत्राचे फळ ते एवढे.

दोनच वर्षांनी, सप्टेंबर १९३० मध्ये, हाच आकडा १८.३ टक्क्यांवर गेला आणि जुलै १९३२ मध्ये ३७.३ टक्क्यांवर. माणूस तोच, पत्र तेच, घोषणाही बहुतेक त्याच. मधल्या काळात बदलले ते जर्मनीचे दैव. १९२९ ची मंदी आली आणि १९३२ च्या सुरुवातीला बेकारांची संख्या साठ लाखांवर पोचली. भुकेल्या आणि धास्तावलेल्या माणसांना गोबेल्सने घोषणा पुरवल्या. भूक त्याने निर्माण केली नव्हती. बरे, त्या भुकेवरही त्याची पकड पक्की नव्हती. नोव्हेंबर १९३२ च्या निवडणुकीत नाझींची सुमारे वीस लाख मते घटली आणि जागा २३० वरून १९६ वर आल्या. पक्षाची तिजोरी रिकामी होती आणि कार्यकर्ते थकले होते. तिथून पक्षाला सत्तेत नेले ते कोणत्याही सभेने नव्हे. माजी चॅन्सलर पापेन आणि वृद्ध राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांच्याभोवतीच्या मूठभर लोकांनी बंद दाराआड सौदा केला आणि ३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर चॅन्सलर झाला. पुढे मार्चमध्ये, विरोधक तुरुंगात, रस्त्यावर गणवेशधारी गुंड आणि रेडिओ हातात असतानाही नाझींना मिळाली ती ४३.९ टक्के मते. बहुमत त्यांना तेव्हाही मिळाले नाही.

१३ मार्च १९३३ रोजी गोबेल्स प्रचारमंत्री झाला, आणि इथून पुढे त्याची कीर्ती ज्यावर उभी आहे ती मक्तेदारी सुरू होते. ऑक्टोबरमध्ये संपादकांचा कायदा आला. संपादकाला सरकारी यादीत नाव असणे सक्तीचे झाले, आणि ज्यू माणसाला किंवा ज्यू जोडीदार असलेल्याला ते दार बंद झाले. बर्लिनमध्ये मंत्रालयाची रोज पत्रकार परिषद भरे. तिचे काम बातमी देण्याचे कमी आणि हुकूम देण्याचे जास्त होते. कोणती बातमी पहिल्या पानावर, कोणती आतल्या पानावर, कोणत्या माणसाचे छायाचित्र छापायचे नाही, कोणत्या विषयावर पूर्ण मौन पाळायचे, हे तिथे सांगितले जाई. टिपून घेतलेल्या सूचना नंतर नष्ट करायच्या असा दंडक होता. काही वार्ताहरांनी जीव धोक्यात घालून ते कागद लपवून ठेवले, म्हणून आज ते वाचता येतात. ते वाचताना आढळते की बऱ्याचशा सूचना काय छापू नये याबद्दलच्या आहेत. प्रचारमंत्र्याचा दिवसाचा मोठा भाग गाळण्यात, झाकण्यात आणि थोपवण्यात जात होता, आणि ते करायला वक्तृत्व लागत नाही. मागे पोलीस असले की पुरते.

रेडिओ हे त्याचे दुसरे हत्यार. ‘फोल्क्सएम्फेंगर’ म्हणजे जनतेचा रेडिओ ७६ मार्कांना बाजारात आणला गेला, आणि १९३८ मध्ये त्याहून छोटा संच ३५ मार्कांना. युद्ध सुरू होताच परदेशी केंद्र ऐकणे गुन्हा ठरले आणि संचाच्या बटणाला तशी ताकीद छापलेला पुठ्ठ्याचा तुकडा अडकवला जाऊ लागला. या रेडिओचा परिणाम किती झाला? काही अर्थशास्त्रज्ञांनी रेडिओच्या लहरी कुठे चांगल्या पोचत आणि कुठे नाही याचा मतदानाशी आणि ज्यूविरोधी कृत्यांशी मेळ घालून २०१५ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा निष्कर्ष असा: जिथे ज्यूद्वेषाची जुनी परंपरा होती तिथे नाझी रेडिओने तो वाढवला, आणि जिथे ती नव्हती तिथे त्याच रेडिओचा उलटा परिणाम झाला. म्हणजे आवाज एकच, वाक्ये तीच, आणि परिणाम ठरत होता तो ऐकणाऱ्या गावाच्या पूर्वेतिहासावरून.

सिनेमातही तेच दिसते. १९४० च्या शरद ऋतूत दोन ज्यूद्वेषी चित्रपट आले. ‘डेर एविगे युडे’ हा उघड विखारी माहितीपट होता, त्याकडे प्रेक्षकांनी पाठ फिरवली. ‘युड झ्यूस’ मध्ये नट नामवंत होते आणि ऐतिहासिक कथानक होते, तो सुमारे दोन कोटी लोकांनी पाहिला. हे गोबेल्सचे यश होते हे मान्य करायलाच हवे, आणि ते भयंकर यश होते, कारण हिमलरने तो चित्रपट आपल्या एसएस दलाला आणि पोलिसांना दाखवण्याचा आदेश काढला होता. पण नाझी काळात निघालेल्या हजाराहून अधिक कथापटांपैकी बहुसंख्य निव्वळ करमणुकीचे होते. थेट प्रचार लोकांना लवकर कंटाळवाणा होतो हे गोबेल्सला ठाऊक होते, आणि त्याच्या चलाखीतला मोठा भाग हा कंटाळा ओळखण्यात होता.

पाच वर्षांच्या मक्तेदारीनंतर त्याच्या कामाची खरी परीक्षा २७ सप्टेंबर १९३८ रोजी झाली. चेकोस्लोव्हाकियाच्या प्रश्नावरून युद्ध दारात उभे होते. हिटलरने बर्लिनच्या मध्यवस्तीतून सैन्याची चिलखती तुकडी नेण्याचा हुकूम दिला. वेळही माणसे कामावरून सुटून रस्त्यावर येतात तीच निवडली. त्या वेळी बर्लिनमध्ये असलेल्या विदेशी वार्ताहरांनी लिहून ठेवले आहे की जयघोष झाला नाही. लोक काही क्षण थांबले, गप्प उभे राहिले किंवा सरळ भुयारी रेल्वेच्या जिन्याने खाली निघून गेले. तीनच दिवसांनी म्युनिकमध्ये लोकांनी मनापासून टाळ्या वाजवल्या त्या ब्रिटनच्या चेंबरलेनसाठी, कारण त्याने युद्ध टाळले होते. १० नोव्हेंबरला हिटलरने निवडक पत्रकार-संपादकांपुढे गुप्त भाषण करून सांगितले की आपल्याला वर्षानुवर्षे शांततेची भाषा करावी लागली आणि आता लोकांचे मन पालटण्याची गरज आहे. आपल्या प्रचारमंत्र्याला हे साधलेले नाही याची याहून स्पष्ट कबुली दुसरी नसेल.

त्याच वर्षी गोबेल्सची खुर्ची दुसऱ्याच कारणाने डळमळली होती. लिडा बारोव्हा या चेक अभिनेत्रीशी त्याचे प्रेमप्रकरण होते. पत्नी माग्दाने हिटलरकडे तक्रार नेली, हिटलरने ते संबंध तोडण्याचा हुकूम सोडला आणि देशभरची वृत्तपत्रे ज्याच्या मुठीत होती तो माणूस महिनोन्महिने मालकाची नजर वळेल म्हणून धडपडत राहिला. ९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री म्युनिकमध्ये हिटलरच्या संमतीने त्याने केलेल्या भाषणानंतर देशभर ज्यूंच्या प्रार्थनास्थळांना आगी लावल्या गेल्या, दुकाने फोडली गेली आणि सुमारे तीस हजार ज्यू पुरुषांना छळछावण्यांत डांबले गेले. गेलेली मर्जी परत मिळवण्याचा हेतू त्या पुढाकारामागे होता असे अनेक इतिहासकार मानतात, आणि ते पटण्यासारखे आहे. त्याच्या अधिकाराच्या सीमाही आपण समजतो त्याहून अरुंद होत्या. युद्ध सुरू होताच परदेशातल्या प्रचाराची सूत्रे हिटलरने परराष्ट्रमंत्री रिबेनट्रॉपकडे दिली, सैन्याचा प्रचारविभाग वेगळा होता, आणि वृत्तपत्रांवर गोबेल्सचा प्रतिस्पर्धी ओटो डिट्रिश याचाही हक्क चाले.

या डिट्रिशनेच ९ ऑक्टोबर १९४१ रोजी बर्लिनमध्ये देशीविदेशी पत्रकारांना बोलावून सांगितले की सोव्हिएत रशियाचा निकाल लागल्यात जमा आहे. दुसऱ्या दिवशी पक्षाच्या मुखपत्राचा मथळा पूर्वेकडची मोहीम फत्ते झाल्याचा होता. गोबेल्स यावर चिडला, कारण एवढे मोठे आश्वासन फसले तर काय होते ते त्याला कळत होते. ते फसलेच. २० डिसेंबरला रेडिओवरून हिटलरचे आवाहन वाचून दाखवण्याची वेळ त्याच्यावर आली: आघाडीवरच्या सैनिकांसाठी घरातल्या लोकरी बनियनी, हातमोजे, फरचे कोट, बूट, बर्फावर घसरायच्या पट्ट्या आणून द्या. कल्पना करा, ऑक्टोबरमध्ये जिंकलेल्या युद्धासाठी डिसेंबरमध्ये आईने कपाटातून मुलाचा स्वेटर काढून द्यायचा. लोकांनी ढिगांनी कपडे दिले, कारण मुले त्यांची होती. पण कपडे देणारा प्रत्येक हात आता सरकारी बातमीची किंमत ओळखून होता. लक्षात घ्यायची गोष्ट ही की १९४१ च्या अखेरीस जर्मनी हरलेली नव्हती. फ्रान्सपासून मॉस्कोच्या वेशीपर्यंतचा मुलूख तिच्या ताब्यात होता, पर्यायी इतिहासाच्या कादंबऱ्यांत दिसते तसे साम्राज्य तेव्हा बऱ्याच अंशी अस्तित्वात होते. तरीही शब्दांचा भाव घसरू लागला होता.

फेब्रुवारी १९४३ मध्ये स्टालिनग्राडला जर्मन सैन्याचा पाडाव झाला. तिथले सैन्य शेवटच्या गोळीपर्यंत लढत धारातीर्थी पडले असे सरकारने जाहीर केले. वास्तविक सुमारे ९१ हजार सैनिक सेनापती पाउलुससह कैद झाले होते, आणि मॉस्को रेडिओवर कैद्यांची नावे सांगितली जात. बंदी मोडून ती ऐकणाऱ्यांत या सैनिकांच्या आया आणि बायका होत्या. १८ फेब्रुवारीला गोबेल्सने बर्लिनच्या क्रीडागृहात ते गाजलेले भाषण केले. तुम्हाला सर्वंकष युद्ध हवे आहे का, असा सवाल आणि हजारोंचा होकार, हे चित्रफितीचे तुकडे आजही प्रचाराची ताकद म्हणून दाखवले जातात. तो जमाव पारखून निवडलेल्या पक्षनिष्ठांचा होता. भाषणामागे गोबेल्सचा एक ठोस हेतूही होता: देशांतर्गत युद्धकारभार आपल्या हाती यावा. तो साध्य झाला नाही. पक्षाचा बोरमन, चॅन्सलरीचा लामर्स आणि सैन्याचा कायटेल यांच्या त्रिकुटाने त्याला बाहेरच ठेवले, आणि सर्वंकष युद्धाचा अधिकारी म्हणून त्याची नेमणूक झाली ती जुलै १९४४ च्या अखेरीस, हिटलरवरचा बाँबहल्ला फसल्यानंतर. ज्या भाषणाने म्हणे राष्ट्र हलले, त्याने तीन अधिकाऱ्यांच्या खुर्च्याही हलल्या नाहीत. १९४३ च्याच एप्रिलमध्ये त्याला उत्तरकाळातले सर्वांत मोठे यश मिळाले. कातिनच्या जंगलात हजारो पोलिश अधिकाऱ्यांची प्रेते सापडली होती आणि ती कत्तल सोव्हिएत पोलिसांनी केली होती. बर्लिनने ते जगाला ओरडून सांगितले आणि पोलंडचे निर्वासित सरकार व मॉस्को यांचे संबंध तुटले. गोबेल्सने ते स्वार्थासाठीच वापरले, पण ती बातमी खरी होती. मॉस्कोने १९९० मध्ये तिची कबुली दिली.

लोकांच्या मनात काय चालले आहे हे कळवणारे गुप्त अहवाल एसएसची गुप्तवार्ता शाखा नियमाने तयार करी. १९४३ पासून ते अहवाल फार निराश आहेत अशी ओरड गोबेल्स आणि बोरमन करू लागले. मग ते मोजक्याच लोकांना दिले जाऊ लागले आणि १९४४ च्या उन्हाळ्यात बंदच पडले. प्रचारकाच्या अधःपतनाची ही पायरी मला सर्वांत बोलकी वाटते. सुरुवातीच्या काळात लोकांची नाडी अचूक ओळखणे हे त्याचे खरे कसब होते, आणि आता तीच नाडी हाती धरायला तो तयार नव्हता.

यावर एक मोठा आक्षेप येतो आणि तो दुर्लक्षिण्यासारखा नाही. शब्दांची पत गेली होती तर जर्मन सैनिक आणि नागरिक १९४५ च्या मेपर्यंत झुंजत का राहिले? याचे एक उत्तर भीतीत आहे. पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्याने ४८ सैनिकांना मृत्युदंड दिला होता, दुसऱ्यात ती संख्या पंधरा हजारांच्या घरात गेली. फेब्रुवारी १९४५ नंतर तातडीची न्यायालये नेमली गेली आणि पांढरे फडके दाखवणाऱ्याला दिव्याच्या खांबावर लटकवण्याचे प्रकार घडले. पूर्वेकडून येणाऱ्या रशियन सैन्याची दहशतही खरी होती. दुसरे उत्तर अधिक कडू आहे. पुष्कळांना आपल्या हातून किंवा आपल्या नावाने काय घडले आहे याची जाणीव होती. हॅम्बुर्गसारख्या शहरांत हद्दपार केलेल्या ज्यूंच्या घरातले सामान जाहीर लिलावात विकले गेले, आणि शेजाऱ्यांनी ते विकत घेतले. ते घेताना त्यांच्यावर कोणी मोहिनी घातली नव्हती. म्हणूनच सर्वशक्तिमान प्रचारमंत्र्याची कथा युद्धानंतर पुष्कळांच्या सोयीची ठरली: आम्ही फसलो, आम्हाला काही कळले नाही, दोष त्या एका जिभेचा. न्यूरेंबर्गच्या खटल्याला गोबेल्स हजर नव्हता, म्हणून त्याच्या खात्यातला रेडिओवरचा भाष्यकार हान्स फ्रिट्शे आरोपीच्या पिंजऱ्यात उभा केला गेला, आणि ऑक्टोबर १९४६ मध्ये तो निर्दोष सुटला. पुढे एका जर्मन न्यायालयाने त्याला शिक्षा दिली ती गोष्ट वेगळी.

आता धागा बदलून पाहू. समजा, साम्राज्य टिकले. रॉबर्ट हॅरिसच्या ‘फादरलँड’ (१९९२) या कादंबरीत ते १९६४ साली टिकलेले आहे, बर्लिनमध्ये हिटलरचा वास्तुशिल्पी स्पेअर याचा अजस्र घुमट उभा आहे आणि हिटलरच्या पंचाहत्तरीची तयारी चालली आहे. कथेतला पोलीस अधिकारी एकेका जुन्या अधिकाऱ्याच्या मृत्यूचा शोध घेत जातो आणि पोचतो तो ज्यूंच्या संहाराची आखणी झालेल्या व्हानझे बैठकीपर्यंत. राज्य वाचवण्यासाठी त्या बैठकीला हजर असलेल्यांना एकेक करून मारले जात आहे, कारण साम्राज्याला भाषणांपेक्षा काही कागद नाहीसे होण्याची गरज जास्त आहे. हॅरिसची ही कल्पना इतिहासाला धरून आहे. ४ ऑक्टोबर १९४३ रोजी पोझेन येथे हिमलरने एसएसच्या सेनाधिकाऱ्यांना ज्यूंच्या संहाराबद्दल उघड शब्दांत सांगितले आणि इतिहासाचे हे पान कधीही लिहिले जाणार नाही असेही बजावले. म्हणजे युद्ध जिंकले असते तरी त्या साम्राज्याच्या सर्वांत मोठ्या कृत्याबद्दल प्रचारमंत्र्याने कायम गप्प राहायचे होते. असे राज्य वक्त्याच्या नव्हे, दप्तरदाराच्या आणि जल्लादाच्या हाती जाते. व्हानझेच्या इतिवृत्ताच्या तीस प्रती होत्या, त्यांतली एकच, सोळावी, १९४७ मध्ये जर्मन परराष्ट्र खात्याच्या दप्तरात सापडली. डिकने गोबेल्सला चॅन्सलर केले ते कथेची गरज म्हणून योग्य असेल, पण बोरमन आणि हिमलरसारख्यांच्या राज्यात त्याचा निभाव लागला असता असे पुरावा सांगत नाही.

त्या न घडलेल्या राजधानीचा एक तुकडा बर्लिनच्या टेंपेलहोफ भागात आजही उभा आहे. नियोजित विजयकमानीचे वजन तिथली माती पेलेल का हे पाहण्यासाठी १९४१ मध्ये १२,६५० टन वजनाचा काँक्रीटचा दंडगोल बांधला गेला. तो अडीच-तीन वर्षांत सुमारे १८ सेंटिमीटर खचला. अभियंत्यांनी ती मोजमापे घेतली, कारण मातीला घोषणा ऐकवून उपयोग नव्हता. गोबेल्स मात्र शेवटपर्यंत पर्यायी इतिहासच घडवत राहिला. १८०७ साली कोलबेर्ग शहराने नेपोलियनच्या सैन्याला दिलेल्या झुंजीवर त्याने अवाढव्य खर्चाचा रंगीत चित्रपट काढवला, इतिहास हवा तसा वाकवून. ३० जानेवारी १९४५ रोजी तो बर्लिनमध्ये आणि वेढा पडलेल्या ला रोशेल बंदरात दाखवला गेला. सात आठवड्यांनी खरे कोलबेर्ग पडले, आणि सैन्याच्या पत्रकात त्या शहराचा उल्लेख येणार नाही याची तजवीज त्याने स्वतः केली.

ही नोंद कुठे सापडते? त्याच्याच रोजनिशीत. १९३६ मध्ये त्याने तिच्या प्रकाशनाचे हक्क पक्षाच्या प्रकाशकाला विकले होते, अडीच लाख मार्क आगाऊ आणि पुढे दरवर्षी एक लाख. युद्धाच्या अखेरीस हजारो पाने काचेच्या पट्ट्यांवर छायाचित्रित करवून घेतली. त्या पट्ट्या रशियनांच्या हाती गेल्या आणि १९९२ मध्ये मॉस्कोच्या अभिलेखागारात अभ्यासकांना सापडल्या. गोबेल्सबद्दल आपल्याला जे माहीत आहे त्यातला फार मोठा भाग गोबेल्सनेच लिहिलेला आहे. भाषण रंगले, लोक वेडे झाले, माझ्यामुळे वारे फिरले, हे सांगणारा साक्षीदार तोच. त्याची अफाट शक्ती मान्य करताना आपण त्याच्या शब्दावर किती विसंबून आहोत हे क्वचितच तपासले जाते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: मग द्वेष टिकला कसा? अमेरिकी ताबा-प्रशासनाने १९४५-४६ मध्ये घेतलेल्या चाचण्यांत जवळजवळ निम्म्या जर्मनांनी नाझीवाद ही चांगली कल्पना होती, फक्त वाईट रीतीने राबवली गेली, असे मत दिले. १९९६ आणि २००६ च्या पाहण्यांवर आधारलेल्या एका अभ्यासात आढळले की १९३० च्या दशकात जन्मलेल्या जर्मनांत कट्टर ज्यूद्वेष्ट्यांचे प्रमाण एकंदर लोकसंख्येच्या दुप्पट-तिप्पट होते. हे माझ्या म्हणण्याविरुद्ध जाते असे प्रथमदर्शनी वाटेल. पण त्याच अभ्यासानुसार हा ठसा सर्वांत खोल उमटला तो शाळेतून, आणि १९१४ पूर्वीच ज्यूविरोधी पक्षांना मते देणाऱ्या जिल्ह्यांत. रेडिओ आणि सिनेमाचा परिणाम आजूबाजूचे वातावरण कसे होते यावर अवलंबून राहिला. शाळा गोबेल्सच्या खात्यात नव्हत्या, त्या शिक्षणमंत्री बेर्नहार्ड रुस्टच्या हाताखाली होत्या. रुस्टचे नाव आज कोणाला आठवत नाही, त्याच्या नावाने कोणी कोणावर आरोप करत नाही. त्याच्या शाळांतल्या पाठ्यपुस्तकांवर आणि तिथे रोज फळ्यासमोर उभ्या राहणाऱ्या शिक्षकांवर गोबेल्सच्या तुलनेत फारच थोडे लिहिले गेले आहे, आणि प्रचार कसा रुजतो हे ज्याला खरोखर समजून घ्यायचे आहे त्याने तिथून सुरुवात केलेली बरी.